आपल्या किनाऱ्यावरचं हबसाण

महाराष्ट्राच्या नकाशावर एकेकाळी इथिओपियाच्या नावाचा एक मुलूख होता. हबसाण. जुनी मराठी पत्रं आणि बखरी उघडल्या की हा शब्द भेटतो. अरबीत इथिओपियाला हबश म्हणत, तिथून आलेला तो हबशी, आणि हबशांचं राज्य ते हबसाण. आजच्या भाषेत सांगायचं तर रायगड जिल्ह्यातला मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धनचा पट्टा. आपण वीकेंडला जातो, वाळूत फोटो काढतो, पापलेट खातो आणि परत येतो, तोच.

मी समुद्रापासून चांगलीच लांब राहते, छत्रपती संभाजीनगरला. आमच्याकडे पाण्याचा सगळ्यात मोठा साठा म्हणजे पैठणचा नाथसागर. त्यातलं पाणी आमच्या गल्लीत कधी येणार हा आमच्या घरातला रोजचा विषय. अशा गावातल्या मुलीनं हबसाणाच्या वाटेला का जावं? तर हे शहर ज्यानं वसवलं तो हबशी होता म्हणून. आणि जंजिऱ्याच्या शिद्द्यांची सुरुवातीची नेमणूक करणाऱ्यांतही त्याचंच नाव येतं.

मलिक अंबर. शाळेच्या पुस्तकात त्याला दोन-तीन ओळी मिळतात. गनिमी कावा, निजामशाही, खडकी, संपलं. गोष्ट मात्र पुस्तकभर आहे.

जन्म साधारण १५४८चा, इथिओपियात. लहानपणीचं नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, आणि एकदाच नाही. तांबड्या समुद्राच्या काठावरच्या मोखा बंदरात त्याची किंमत ऐंशी गिल्डर झाली, असं पीटर व्हॅन डेन ब्रोके या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. हा ब्रोके १६१७ साली अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. पुढे बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकानं त्याला शिकवलं आणि त्याचं नाव अंबर ठेवलं. मग जहाजानं दख्खन. इथे त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगेजखानानं. आणि हा चंगेजखान स्वतःच हबशी होता, पूर्वाश्रमीचा गुलाम!

इथे जरा थांबायला हवं, कारण गुलामी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले सिनेमे येतात. उसाचे मळे, चाबूक, पिढ्यानपिढ्या तुटणार नाही अशी बेडी. दख्खनची गुलामी वेगळ्या जातीची होती. सौम्य नव्हे, वेगळी. आईबापांपासून पोराला तोडणं इथंही होतंच. पण दख्खनच्या सुलतानांना मळ्यावर राबणारे हात नको होते, त्यांना लढणारी माणसं हवी होती. ज्याचं इथे कुणी नातेवाईक नाही, वतन नाही, भाऊबंदकी नाही, असा माणूस धन्याला सगळ्यात विश्वासू, हा त्यामागचा हिशेब. धनी मेला की असा लष्करी गुलाम बऱ्याचदा मोकळा होई. चंगेजखान गेल्यावर त्याच्या विधवेनं अंबरला मुक्त केलं. त्यानं काही वर्षं विजापूरच्या चाकरीत काढली, तिथे ‘मलिक’ हा किताब मिळवला आणि मग तो परत अहमदनगरकडे वळला.

१६०० साली मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. अंबरनं राजघराण्यातला एक मुलगा शोधला, त्याला गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि पुढची पंचवीसेक वर्षं मुघलांना दक्षिणेत नीट पाय रोवू दिला नाही. जहांगीर बादशहा इतका वैतागला की त्यानं दरबारी चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. चित्रात भाल्याच्या टोकावर अंबरचं मुंडकं आहे आणि बादशहा त्यावर बाण मारतो आहे. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयातलं हे चित्र फोनवर झूम करून बघा. प्रत्यक्षात जहांगीरच्या हाती अंबर कधीच लागला नाही. जे रणात जमलं नाही ते कागदावर उरकून घेतलं. आणि अंबर १६२६ साली म्हातारपणानं वारल्यावर मुघलांच्याच मुतमदखान या इतिहासकारानं लिहिलं, की हबशी गुलाम इतक्या योग्यतेला चढल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही.

आमचं शहर यातल्या मधल्या काळातलं. १६१० साली अंबरनं खडकी या गावाजवळ राजधानी वसवली. मुघलांनी १६१६ साली ती जाळली, त्यानं पुन्हा उभी केली. भडकल दरवाजा त्याचा. मराठा सरदारांच्या नावानं वसलेले मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा हे पुरे त्याच्या वेळचे, तशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. त्याच्या मागे मुलानं, फतेहखानानं, गावाचं नाव फतेहनगर केलं. १६५३च्या सुमारास औरंगजेबानं औरंगाबाद केलं, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावावरून आमच्याकडे किती बोललं गेलं ते तुम्ही न्यूज चॅनेलवर ऐकलंच असेल. त्या सगळ्या बोलण्यात शहर वसवणाऱ्याचं नाव कानावर पडण्याचे प्रसंग मी बोटांवर मोजू शकते.

त्यानं शहरासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट दिसतही नाही, कारण ती जमिनीखाली आहे. नहर-ए-अंबरी. उत्तरेला हर्सूलकडच्या डोंगरात जमिनीत मुरलेलं पाणी भुयारासारख्या चरांत गोळा करायचं, तिथून ते बांधीव पाटानं आणि भाजलेल्या मातीच्या नळांनी नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणायचं. मध्ये हवेचा दाब मोकळा करायला उंच मनोरे, साफसफाईला ठरावीक अंतरावर उतरायची तोंडं. पंप नाही, वीज नाही. (पर्यटक पाणचक्की बघतात आणि हीच ती अंबरची नहर म्हणतात. पाणचक्कीची नहर वेगळी, आणि नंतरची.) अंबर वाढला तो आधी इथिओपियात, मग बगदादमध्ये. जमिनीखालून पाणी वाहून न्यायची विद्या इराण-इराकच्या बाजूला फार जुनी आहे. बगदादमध्ये त्या पोरानं काय काय पाहिलं असेल, याचा विचार माझ्या मनात बहुतेक नळाच्या दिवशी येतो, बादल्या भरताना.

तर जंजिरा. अंबरच्या काळात, १६१८ ते १६२१च्या दरम्यान, निजामशाहीतर्फे जंजिऱ्यावर एकामागून एक शिद्दी अधिकारी नेमले गेले. अंबर गेला, १६३६ साली निजामशाहीही संपली, पण किनाऱ्यावरची ही ठाणेदारी संपली नाही. ती राज्य झाली आणि १९४८पर्यंत टिकली. शहराचा संस्थापक तिकडे कुणाला तरी ठेवून आला होता आणि ते लोक तीनशेहून जास्त वर्षं तिथेच राहिले. आपल्या गावातल्या कुणाचा लांबचा नातलग कोकणात आहे म्हटल्यावर माणूस एकदा तरी जाऊन येतोच ना?

मी थंडीत गेले. रात्रीच्या बसनं पुणे, तिथून ताम्हिणी घाट, माणगाव आणि मग वाकडीतिकडी वळणं घेत मुरूड. बसमध्ये माझ्या कानात एक वेगळंच संगीत होतं. बेलीझ या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशाचा गायक अँडी पलासियो, आणि त्याचा २००७चा अल्बम ‘वाटिना’. समुद्रमार्गे फेकल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांबद्दल वाचता वाचता त्याच्यापर्यंत पोचले होते. तो गारिफुना समाजाचा. हे लोक कोण, ते पुढे सांगते. जाताना मनात एवढंच होतं, की त्यांच्या किनाऱ्यावर जसे ढोल वाजतात तसं आपल्या हबसाणात काय वाजतं ते ऐकावं.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या किल्ल्याकडे जातात. सुकाणूवर बसलेले काका कोळी होते.

“काका, इथे आता शिद्दी किती राहतात?”

“असतील थोडी घरं. ताई, तुम्ही कुठल्या?”

“संभाजीनगरच्या.”

“लांबून आलात की. किल्ला बघायला?”

“हो. शिद्द्यांचं काही गाणं-बजावणं असतं का इथे?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी नवाबाच्या मुंजीची तारीख विचारली. “गाणं आमचं असतं. नारळी पुनवेला या.”

जंजिरा जवळ जाईपर्यंत आपला दरवाजा दाखवत नाही. तट सरळ पाण्यातून वर येतो, आणि अगदी शेवटच्या वळणावर कमान दिसते. दारातून आत जाताना भिंतीवर एक कोरीव शिल्प आहे: वाघासारखा एक प्राणी, आणि त्यानं पंजांत, तोंडात, शेपटीत हत्ती धरलेले. गाईडनं ते दाखवलं, कलालबांगडी तोफ दाखवली, खाऱ्या समुद्राच्या मधोमध असलेला गोड्या पाण्याचा तलाव दाखवला. आणि मग तो अजिंक्यपणाकडे वळला. सगळे गाईड वळतात. मूळचा मेढेकोट कोळ्यांचा, राम पाटलाचा. तो व्यापाऱ्याच्या वेशात येऊन, दारू पाजून घेतला, असं सांगतात. नंतर दगडी कोट झाला आणि मग तो कुणालाच मिळाला नाही. शिवाजी महाराजांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, समोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. १६८२ साली संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगडांचा सेतू टाकायला घेतला. काम चालू असताना मुघल फौज रायगडाच्या बाजूला आली आणि त्यांना परतावं लागलं.

तटावर उभं राहून मी तो सेतू जिथून टाकत आणला असेल तो किनारा पाहत होते. ज्या शहरातून मी आले ते वसवलं अंबरनं, त्याला आज नाव आहे संभाजी महाराजांचं, आणि अंबरच्या वारसांच्या या किल्ल्याला संभाजी महाराजांनी वेढा घातला होता. इतिहासाचं हे असं असतं, ते बाजू घ्यायला बसलेल्या माणसाची फार पंचाईत करतं.

ही पंचाईत आणखी मागे जाते. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढले आहेत. १६२४ची भातवडीची लढाई. मुघल आणि विजापूर एकीकडे, निजामशाही दुसरीकडे. अंबरनं तलाव फोडून शत्रूची वाट चिखल करून टाकली आणि रात्रीचे छापे घातले. या लढाईत शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी कामी आले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या लढाईचं वर्णन आहे आणि अंबरच्या पराक्रमाचं मोकळ्या मनानं केलेलं कौतुक आहे. शिवचरित्र सांगायला बसलेल्या कवीला त्यात अवघड असं काही वाटलं नाही. जमिनीची प्रत पाहून आणि पीक अजमावून सारा ठरवायची अंबरची रीतही त्याच्यामागे टिकली. ‘मलिकंबरी’ या नावानं ती मराठी कागदपत्रांत पुढे कितीतरी काळ वावरते.

म्हणजे शिद्दी बिचारे, त्यांच्यावर अन्याय झाला, असं काही मला म्हणायचं नाही. जंजिऱ्याच्या आरमारानं किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं पकडून नेली. एकदा स्वतः विकले गेलेल्यांनी दुसऱ्यांना पकडावं, हे वाचताना घशाखाली उतरत नाही, पण घडलं ते असं. १६८९ साली शिद्दी याकूतखान मुंबई बेटावर उतरला आणि त्यानं इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. श्रीवर्धनचे देशमुख भट शिद्दीच्या जाचाला कंटाळून घाटावर निघून गेले. त्यांतला एक बाळाजी विश्वनाथ, पुढचा पेशवा. शिद्दीनं भट घराण्याला सुखानं नांदू दिलं असतं तर पुण्यात शनिवारवाडा झाला असता का, हा खेळ चहाबरोबर खेळायला बरा आहे. पुढे १७३६ साली याच घराण्यातल्या चिमाजीअप्पांनी शिद्दी सातला लढाईत मारलं. एक वर्तुळ पूर्ण झालं आणि रक्त बरंच सांडलं.

दुपारी मी खोकरीला गेले. मुरूडपासून जवळ, राजपुरी खाडीच्या काठी, झाडीत तीन दगडी घुमट आहेत. शिद्दी सुरूलखान, याकूतखान वगैरेंच्या कबरी. सगळ्यात मोठा घुमट सुरूलखानाचा. भिंतींवर बारीक जाळीकाम आणि अरबी लेख. जंजिऱ्याला शनिवारी जत्रा भरते, इथे मी आणि एक शेळी. ऐकायला काही नव्हतं. ढोल नव्हता, गाणं नव्हतं, आफ्रिकेचा म्हणावा असा एक शब्द नव्हता.

आता गारिफुना.

कॅरिबियन समुद्रात सेंट व्हिन्सेंट नावाचं बेट आहे. तिथे मूळचे कॅरिब आणि अरावाक लोक. परंपरा सांगते की १६३५ साली गुलाम घेऊन जाणारी जहाजं या बेटाजवळ फुटली आणि वाचलेले आफ्रिकी लोक बेटावरच्या माणसांत मिसळले. आजूबाजूच्या बेटांवरून पळून आलेले गुलामही त्यांत आले. त्यातून नवा समाज झाला. बेटावर इंग्रजांना उसाचे मळे हवे होते. गारिफुना लढले. त्यांचा पुढारी जोसेफ शातोये १७९५च्या मार्चमध्ये मारला गेला. शरण आलेल्यांना इंग्रजांनी बालिसो नावाच्या पाणी नसलेल्या खडकाळ बेटावर नेऊन टाकलं. तिथे रोगानं आणि उपासानं अर्धी-अधिक माणसं मेली. उरलेल्यांना जहाजांत भरून १२ एप्रिल १७९७ रोजी होंडुरासजवळच्या रोआटान बेटावर सोडलं. उतरले दोन हजारांच्या आसपास. तिथून ते होंडुरास, ग्वाटेमाला, बेलीझ, निकाराग्वाच्या किनाऱ्यावर पसरले.

आणि त्यांच्याकडे सगळं आहे. भाषा आहे. लाकूड कोरून केलेले ढोल आहेत, पुंता नाच आहे, पूर्वजांना बोलावायचे विधी आहेत. कसाव्याची पातळ कडक भाकरी आहे, एरेबा. (कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तो. त्यांचा तो रोजचा घास.) नारळाच्या दुधातली मासळी आहे, जी मुरूडच्या कुठल्याही खानावळीत कुणाच्या लक्षात न येता वाढता येईल. बेलीझमध्ये १९ नोव्हेंबरला सुट्टी असते: त्या दिवशी लोक होड्यांतून किनाऱ्यावर येऊन पूर्वजांचं येणं पुन्हा करून दाखवतात. २००१ साली युनेस्कोनं त्यांची भाषा, नाच आणि संगीत मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केलं.

खोकरीच्या पायरीवर बसून मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. हरले, हाकलले गेले, अर्धे मेले, त्यांच्याकडे ढोल उरले. जिंकले, तीनशे वर्षं राज्य केलं, तोफा ओतल्या, त्यांच्याकडे घुमट उरले. मला वाटतं हा योगायोग नाही. राज्य करायचं तर दरबाराची भाषा बोलावी लागते. शिद्दी नवाबांनी फारसी वापरली, प्रजेशी मराठी वापरली, कारण प्रजा कोळी, आगरी, कुणबी. शिवाय शिद्दी एका गावचे नव्हते. वेगवेगळ्या बंदरांतून, वेगवेगळ्या बोली बोलणारी पोरं एकेकटी आली होती. जंजिऱ्याची सरदारी कितीतरी काळ बापाकडून मुलाकडे गेलीच नाही, शिद्दी सरदार आपल्यातला एक निवडत. १६७१ साली फतेहखान किल्ला शिवाजी महाराजांना द्यायला निघाला तेव्हा त्याच्याच तीन शिद्दी सरदारांनी त्याला कैद केलं. ही एका घराची नाही, एका पलटणीची गोष्ट आहे. पलटणीत अंगाई कोण गाणार?

पण मग भाषेबद्दल एक गोष्ट वाचनात आली आणि माझी ही जुळणी थोडी विस्कटली. गारिफुनांची भाषा आफ्रिकेची नाहीच. ती अरावाक कुळातली, म्हणजे त्या बेटांच्या मूळ रहिवाशांची. त्यात कॅरिब शब्द आहेत, आणि आकडे तर बरेचसे फ्रेंचमधून घेतलेले. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी यजमानांची भाषा उचलली आणि यजमान त्या बेटांवरून जवळपास पुसले गेल्यावरही ती बोलत राहिले. पलासियो १९८०मध्ये तरुणपणी निकाराग्वाच्या किनाऱ्यावर शिकवायला गेला, तेव्हा तिथल्या गारिफुनांत ही भाषा फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली होती. त्या धसक्यानं तो तिच्यात गाणी करायला लागला. २००८च्या जानेवारीत तो गेला, पन्नाशीही गाठली नाही.

म्हणजे तिथे जाऊन ‘आफ्रिका’ शोधणारा पर्यटक आणि मुरूडच्या धक्क्यावर ढोल शोधणारी मी, दोघांचा प्रश्न सारखाच. तुमच्यात तिकडचं काय उरलंय, दाखवा. कारवार जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या जंगलपट्टीत शिद्दी राहतात. बरेचसे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या तावडीतून पळालेल्या गुलामांचे वंशज. कोकणी बोलतात, त्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि तिघांकडेही दमाम नावाचा ढोल आहे. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीत घेतलं. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. बावा गोर अकिकाच्या धंद्याचे पीर, स्वतः हबशी. तिथले सिद्दी धमाल नाचतात, मुगरमान नावाचा पायांचा मोठा ढोल वाजवतात आणि मलुंगा नावाचं धनुष्यासारखं एकतारी वाद्यही. ढोल आहेत तर. फक्त ते राजवाड्यापासून लांब, फकिरांच्या आणि शेतमजुरांच्या घरात आहेत. तेव्हा माझी जुळणी अगदीच फुकट गेली नाही. आणि या सगळ्यांना, ज्यांच्या कितीतरी पिढ्या इथल्या मातीत गेल्या, बसमध्ये शेजारचा माणूस अजून विचारतो, तुम्ही कुठल्या देशाचे?

काही जण खरोखर परत गेले, आणि ते नाशिकहून. शरणपूरच्या मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकात एक आफ्रिकी आश्रम होता. इंग्रजी आरमारानं गुलामांची जहाजं पकडली की त्यांवरची मुलं मुंबईला उतरवत, त्यांतली बरीच शरणपूरला येत. तिथे त्यांना लिहा-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत अशी ‘नाशिकची पोरं’ होती. १८७३ साली आफ्रिकेच्या आत, आजच्या झांबियात, तो वारला. त्याचा देह वाळवून, कापडात बांधून, दीडेक हजार किलोमीटर चालत किनाऱ्यावर आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, नाशिकचा विद्यार्थी. लिव्हिंग्स्टनचं हृदय पुरलं त्या झाडावर नाव आणि तारीख त्यानंच कोरली. १८७४मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ फ्रीअर टाऊन नावाची मुक्त गुलामांची वसाहत झाली आणि नाशिक-मुंबईचे कितीतरी आफ्रिकी तिकडे गेले. तिथे त्यांना लोक म्हणत ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. इथे हबशी, तिथे बॉम्बेवाले!

मुरूडहून परत येताना बसच्या खिडकीतून मी गोरखचिंच शोधत होते. जाडजूड बुंध्याचं, उलटं लावल्यासारखं दिसणारं ते झाड. मूळचं आफ्रिकेचं, अरब-आफ्रिकी दर्यावर्द्यांबरोबर आलं असावं असं मानतात. वसईत आहे, मुंबईत राणीच्या बागेत आहे. आपण त्याला गोरखनाथांचं नाव दिलं आणि त्याला कुठल्या देशाचं म्हणून विचारणं बंद केलं. माणसांच्या बाबतीत ‘हबशी’ हा शब्द मात्र मराठीत दोनच ठिकाणी नीट टिकला, शिवीत आणि हलव्यात. मिठाईच्या दुकानात हबशी हलवा अजून मिळतो, काळा, तुपाळ, चांगला लागतो.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी खुलताबादला गेले. आमच्याकडून तासाभराचा रस्ता, पुढे लगेच वेरूळ, भोसल्यांचं गाव. खुलताबादला कॅमेरे येतात ते औरंगजेबाच्या कबरीसाठी. अंबरचा घुमट गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोकळ्या रानात, त्यानं हयातीतच बांधून ठेवलेला. आत थंडगार. बाहेर काही मुलं क्रिकेट खेळत होती आणि घुमटाची भिंत त्यांची बाउंडरी होती. जवळच दुसरा, लहान घुमट आहे, त्याच्या बायकोचा, बीबी करीमाचा. तीही शिद्दी. चेंडू तिच्या बाजूला गेला की सिक्स.

“इथे कोण आहे माहितीये का?” मी त्यांतल्या एकाला विचारलं.

“मलिक अंबर,” तो म्हणाला. “दीदी, जरा बाजूला व्हा ना.”